बिल्ला मोठ्याने वाचायचा

जंगलातल्या त्या लाइनवर रूळ एकच होता. वर जाणारी गाडी त्याच्यावरून जायची आणि खाली येणारीही त्याच्यावरूनच यायची. डोंगराने जागाच तेवढी दिली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जेमतेम रुळापुरती वाट. खालचं स्टेशन, वरचं स्टेशन आणि दोहोंच्या मधोमध मधलं स्टेशन. गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायची तर ती फक्त मधल्या स्टेशनात, कारण तिथे तेवढे रूळ दोन होते. प्रवासी खिडकीला नाक लावून 'अहाहा' करत जायचे. धबधबा बघा, धुकं बघा, त्या वेली बघा! रेल्वेच्या माणसांना त्या हिरवळीचं काडीचं कौतुक नव्हतं. वळणापलीकडचं दिसत नाही, एवढाच त्यांच्या लेखी झाडीचा अर्थ.

आणि वळणापलीकडचं दिसत नाही म्हणूनच तिथे बिल्ला होता. तळहातात मावेल एवढा पितळी बिल्ला, त्यावर टप्प्याचं नाव कोरलेलं. मधल्या स्टेशनापासून वर तो 'वरचा टप्पा', खाली तो 'खालचा टप्पा'. प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना एकेक लोखंडी पेटी, दोन्ही तारेने जोडलेल्या. पेटीतून एका वेळी एकच बिल्ला बाहेर निघायचा, आणि तो परत पेटीत पडेपर्यंत दुसरा निघायचं नाव नाही. ज्या ड्रायव्हरच्या हातात बिल्ला, त्याचा रूळ. बिल्ला नाही तर राजा आला तरी तिष्ठत बसेल. हा बिल्ला कातडी पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधायची, आणि कडं ड्रायव्हरच्या हातात द्यायचं.

देताना एक नियम होता. देणाऱ्याने पिशवी उघडून बिल्ला मोठ्याने वाचायचा, आणि घेणाऱ्यानेही बाहेर काढून मोठ्याने वाचायचा. "वरचा टप्पा!" "वरचा टप्पा!" नवख्या प्रवाशांना वाटायचं, पोरखेळ चाललाय. पण मास्तरबाईंचे बाबा, जे आयुष्यभर याच लाइनवर ड्रायव्हर होते, ते म्हणायचे, "डोळा सवयीने फसतो. तोंडाने म्हटलं की कान पहारा करतात."

मास्तरबाई म्हणजे मधल्या स्टेशनच्या स्टेशनमास्तर. बाबांची धाकटी लेक. थोरला मुलगा, म्हणजे बाईंचा दादा, बाबांच्याच जागी ड्रायव्हर लागला. खालून वर जाणारी रोजची गाडी दादाची. म्हणजे रोज सकाळी भाऊ गाडी घेऊन यायचा, बहीण त्याला वरच्या टप्प्याचं कडं द्यायची, दोघं मोठमोठ्याने बिल्ला वाचायची, आणि गाडी जायची. दादाला डोंगरातल्या गारठ्याने खोकला व्हायचा, म्हणून बाई बिल्ल्यासोबत पिशवीत गुपचूप एक पेपरमिंटची गोळी टाकायच्या. ही गोळी नियमात कुठेच नव्हती, पण नियम करणाऱ्यांना धाकट्या बहिणी नसाव्यात.

हे सगळं बाबा गेले त्या दिवसापर्यंत.

बाबा बाईंच्याच क्वार्टरमध्ये राहायचे, स्टेशनच्या मागे. त्या सकाळी चहाचा कप हातात तसाच राहिला आणि ते गेले. बाईंनी त्यांचे डोळे मिटले, पदराने तोंड पुसलं, आणि त्याच वेळी दादाच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. पुढचा टप्पा सगळ्यात अवघड. बोगदे, उतार, धुकं, आणि मागे डबेभर माणसं. ही बातमी कानात घेऊन तो तिथे गाडी कशी चालवणार? दुसरा ड्रायव्हर तिथे आणायचा कुठून? बाईंनी काळजावर दगड ठेवला. बाहेर आल्या, मोठ्याने बिल्ला वाचला, त्याला संशय येऊ नये म्हणून पिशवीत रोजच्यासारखी गोळीही टाकली, आणि हिरवी झेंडी दाखवली. वर पोचल्यावर त्याला फोनवर कळवलं.

दादाने ते माफ केलं नाही. "आत बाप मरून पडला होता, आणि मी तू दिलेली गोळी चघळत डोंगर चढत होतो," एवढंच तो बोलला. त्यानंतर दोघांत विस्तव जाईना. बाईंचंही नाक काही कमी ताठ नव्हतं. मी केलं ते बरोबरच केलं, बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं, मग मी का नमतं घेऊ? गोळी बंद झाली. आणि जिथे बोलणंच बंद, तिथे बिल्ला मोठ्याने कोण वाचणार? तो यायचा, हात पुढे करायचा. त्या कडं द्यायच्या. दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी. बिल्ल्याचं नाव घेणं म्हणजेही एकमेकांशी बोलणं झालं असतं ना! माणसं भांडणात आधी काय टाकून देतात, तर जे सगळ्यात जास्त कामाचं असतं तेच.

मग एके दिवशी सकाळी वरून खाली येणारी रोजची गाडी वेळेवर आली आणि दुसऱ्या रुळावर उभी राहिली. एरवीचा शिरस्ता असा, की या गाडीने आणलेला वरच्या टप्प्याचा बिल्ला बाई पिशवीसकट खुंटीला लावायच्या आणि दादा आला की तोच त्याला द्यायच्या. पण त्या दिवशी आणखी एक गाडी होती. काचेची गाडी. छतसुद्धा काचेचं, आत मऊ खुर्च्या, जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी हंगामातून क्वचित सुटणारी. वरून फोन आला, "बाई, काचेची सोडू?" बाईंनी खिडकीतून बघितलं. रोजची गाडी पूर्ण आत आली होती. त्यांनी पिशवीतून बिल्ला काढला, पेटीत टाकला, आणि म्हणाल्या, "सोडा." आता वरच्या टप्प्याचा नवा बिल्ला वरच्या स्टेशनात निघणार, काचेच्या गाडीला मिळणार, आणि ती येईपर्यंत दादाची गाडी इथेच थांबणार. सगळं अगदी नियमाप्रमाणे. हात मात्र आपल्याच वळणाने चालला आणि त्याने रिकामं कडं, रिकाम्या पिशवीसकट, नेहमीच्या खुंटीला लावलं.

इतक्यात उभ्या गाडीचा गार्ड ऑफिसात आला. याला सगळी लाइन 'वर्तमानपत्र' म्हणायची, कारण लाइनवरची बातमी याच्या तोंडून गेल्याशिवाय खरी मानायची पद्धत नव्हती.

"काय मास्तरबाई, कपडेबिपडे घेऊन झाले का?" खुर्ची ओढत तो म्हणाला.

"कसले कपडे?"

"अहो, भाचीच्या लग्नाचे! रविवारी ना? दादांनी सगळ्या लाइनला बोलावलंय. दुर्बिणीलासुद्धा."

दुर्बीण म्हणजे स्टेशनचा सांधेवाला, रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट करून देणारा. जाड भिंगांचा चष्मा लावायचा म्हणून त्याचं नाव दुर्बीण. तो दारात उभा होता. त्याने घाईघाईने गार्डाकडे बघून मान हलवली, गप्प बस म्हणून, पण वर्तमानपत्र एकदा छापलं की छापलं.

जिला अंगाखांद्यावर खेळवलं, जी सुट्टीत इथे येऊन "आत्या, मला झेंडी दाखवू दे" म्हणून हट्ट करायची, तिचं रविवारी लग्न, आणि आत्याला पत्ता नाही. सांधेवाल्याला आमंत्रण आहे, आत्याला नाही. त्या हसल्या. "हो तर, सगळी तयारी झाली," म्हणाल्या. आता रडू येईल आणि या मेल्याच्या तोंडी उद्या तीच बातमी असेल, या एकाच भीतीने त्या उठल्या आणि बाहेर आल्या. तेवढ्यात दादाची गाडी फलाटाला लागली.

बाईंनी ठरवलं, आज त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. खुंटीवरचं कडं ओढलं, इंजिनापाशी गेल्या, खाली मान घालून कडं वर धरलं. त्याने ते घेतलं आणि आपलं कडं खाली दिलं. त्याच्या हाताला सुपारीएवढी नवी जखम होती, ती तेवढी त्यांना दिसली. कसली असेल, असं वाटलं, आणि असं वाटल्याचाच त्यांना राग आला. हिरवी झेंडी दाखवली. गाडी हलली. डबे एकेक करून पुढून गेले. कोणी पोर हात हलवत होतं. शेवटचा डबा वळणावर झाडीत शिरला आणि दिसेनासा झाला.

बाई उभ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेल्या. त्याच्याशी काही भांडण नव्हतं, म्हणून तिथे दादाने दिलेली पिशवी उघडली, बिल्ला काढला, "खालचा टप्पा!" म्हणून वाचला. त्यानेही वाचला. मग त्या ऑफिसात आल्या.

पेटीवर एक काटा असतो. टप्पा मोकळा असेल तर तो मधे उभा असतो. गाडी आपण पाठवली असेल तर एका बाजूला, समोरून येत असेल तर दुसऱ्या. बाईंनी सवयीने काट्याकडे बघितलं.

काटा म्हणत होता, गाडी येतेय.

एक क्षण त्यांना वाटलं, पेटी बिघडली. गाडी तर आत्ता वर गेली, येतेय कशी? मग खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी. मग आठवलं की बिल्ला त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीत टाकला होता. टाकताना झालेला खळ्ळ आवाजही आता कानात ऐकू आला. काचेची गाडी. त्यांनी टेबल धरलं.

"दुर्बीण!" त्या ओरडल्या. सांधेवाला आणि गार्ड दोघंही धावत आले.

"दादाला रिकामी पिशवी दिली मी. समोरून काचेची येतेय."

गार्डाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याचं तोंड उभ्या आयुष्यात कधी बंद झालं नव्हतं, त्याचं ते उघडंच राहिलं.

बाईंनी फोन उचलला. वरच्या स्टेशनचा मास्तर आरामात बोलत होता. "निघाली की केव्हाच. शेवटचा सिग्नलही ओलांडला."

"थांबवा तिला! कसंही करून थांबवा!"

"आता कशी थांबवू? जंगलात ना फोन लागत ना वायरलेस. काय झालं बाई?"

बाईंनी सांगितलं. मग तो म्हणाला, "माणूस पळवतो मागे," आणि त्याने फोन ठेवला. मागे पळून उताराच्या गाडीला कोण गाठणार, हे त्यालाही माहीत होतं. पण माणसाला काहीतरी करावंच लागतं.

"तू पळ," बाई दुर्बिणीला म्हणाल्या. "लाल झेंडी घे. दादाला गाठ." दुर्बीण पळाला. चष्मा सावरत, रुळांच्या मधून, अडखळत. चढावर, इंजिनाच्या मागे. त्याची पाठ झाडीत गडप झाली तेव्हा बाईंना कळून चुकलं की हाही खेळ खोटा आहे.

गार्डाला आता वाचा फुटली. "बाई, आमचं इंजिन सोडवतो. मागून जातो, भोंगा वाजवत. ऐकू गेला तर थांबतील."

क्षणभर बाईंना ते पटलं. जा, असं जिभेवर आलं. मग त्यांनी जीभ चावली. एका टप्प्यात दोन गाड्या समोरासमोर, त्यात आंधळ्या वळणांवर तिसरं इंजिन पाठवायचं? म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि दादा जर मागे येत असेल तर? त्यालाच जाऊन धडकायचं?

"नाही," त्या म्हणाल्या. "बिल्ल्याशिवाय आता काही जाणार नाही."

हे म्हणताना त्यांना स्वतःचीच शरम वाटली. वरातीमागून घोडं.

मग त्यांनी कंट्रोलला, म्हणजे सगळ्या लाइनवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या ऑफिसला, फोन लावला. अजून काहीच कळलं नव्हतं. कदाचित काही होणारही नव्हतं. कदाचित कोणी काही विचारणारही नव्हतं. तरी लावला. "मधलं स्टेशन. वरच्या टप्प्यात दोन गाड्या आहेत. चूक माझी आहे. मी बिल्ला न बघता रिकामी पिशवी दिली. खाली डॉक्टर आणि माणसं तयार ठेवा." पलीकडचा माणूस म्हणाला, "कोण बोलतंय?" बाईंनी हुद्दा सांगितला. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांना पहिल्यांदा रडू आलं.

बाहेर फलाटावर सगळं जिथल्या तिथे होतं. उभ्या गाडीतले प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करत होते. एक आजी बाटलीत पाणी भरत होती. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पाहुणा हसत पुढे आला. "मॅडम, झेंडी हातात धरून एक फोटो देता का? इथलं वातावरण फारच सुंदर आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याला काय सांगणार? त्याचा काय दोष? "नंतर," त्या म्हणाल्या, आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, जिथून रूळ झाडीत शिरायचा.

जंगल त्या दिवशी भलतंच शांत होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं. बाई कानांत प्राण आणून ऐकत होत्या. त्यांना एकेक वळण डोळ्यांसमोर दिसत होतं, बाबांनी लहानपणी इंजिनात बसवून पाठ करून घेतलेलं. आता देवराईचं वळण. आता छोटा पूल. आता पहिला बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की सरळ उतार, जिथे काचेची गाडी वेगात असते, कारण तिथूनच धबधबा दिसतो आणि पाहुणे तिकडेच बघत असतात. दादाही कदाचित तिकडेच बघत असेल. बाबा गेल्याच्या दिवशी मी त्याला खोटी झेंडी दाखवली म्हणून तो रागावला, तेव्हा मी म्हटलं, डबाभर माणसांसाठी केलं. आणि आज? आज कोणासाठी केलं? माझ्या नाकासाठी. मान वर करून "वरचा टप्पा" एवढं म्हटलं असतं तर पिशवी उघडावी लागली असती. दोनच शब्द. ते दोन शब्द मला जड झाले.

भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मग तो हलेचना. रविवारी लग्न. रविवारी.

तेवढ्यात डोंगरातून आवाज आला. धाड! मग लागोपाठ दुसरा. झाडांवरचे पक्षी एकदम उडाले आणि आभाळभर झाले.

फलाटावरचे लोक बोलायचे थांबले. गार्ड त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, त्याने त्यांचा दंड धरला.

"फटाके आहेत ते, बाई," तो म्हणाला. "रुळावर ठेवायचे. समोरच्याला थांब म्हणून सांगायचे."

"दोनच वाजले. तीन ठेवतात."

"तिसरा आवाज आपण ऐकला नसेल."

"नाहीतर तो फटाक्यांचा नसेल."

वर्तमानपत्राने त्यांचा दंड सोडला नाही. दोघं उभे राहिले. आवाज येऊन गेला तो गेला. पक्षी हळूहळू परत बसले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि बाईंनी मनातल्या मनात बाबांना, देवाला, ज्याला कोणाला ऐकू जात असेल त्याला, सांगितलं की माझी नोकरी घ्या, मला तुरुंगात टाका, पण त्याला परत आणा. तो आयुष्यभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. नुसता आणा.

मग भोंगा वाजला. लांब, संथ, आणि जवळ. झाडीच्या वळणावर काहीतरी लाल दिसलं. ते हळूहळू मोठं झालं आणि बाईंना दिसलं की ती गाडीची पाठ आहे. शेवटचा डबा आधी, त्याच्या दारात लाल झेंडी धरलेला त्या गाडीचा गार्ड, आणि त्याच्या शेजारी, दांड्याला लोंबकळलेला, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला दुर्बीण. दादाची गाडी पाठमोरी, चालत्या माणसाच्या वेगाने, परत येत होती.

बाई मटकन खाली बसल्या. फलाटावरच, फरशीवर. गार्ड "अहो, अहो" करत राहिला.

गाडी थांबली. दादा इंजिनातून उतरला आणि चालत त्यांच्याकडे आला. हातात कडं होतं. तो त्यांच्यापुढे उभा राहिला. चेहरा पांढरा फटक, ओठ कोरडे.

"काचेची?" बाईंनी विचारलं. इतक्या दिवसांनी त्याला उद्देशून काढलेला पहिला शब्द तो.

"उभी आहे, बोगद्याच्या तोंडाशी. माझा सहायक पुढे पळाला. फटाके ठेवले, झेंडी दाखवली. तिसरा ठेवायच्या आत ती आलीच. थांबली." त्याने श्वास घेतला. "थोडक्यात थांबली."

"तुला कसं कळलं?"

त्याने गार्डाकडे बघितलं. गार्डाला जन्मात पहिल्यांदा कळलं की आपण इथून जावं, आणि तो गेला.

दादा तिथेच फरशीवर बसला. "चिमे," तो म्हणाला. हे बाईंचं घरातलं नाव, बाबा गेल्यावर कोणी घेतलं नव्हतं. "मी रोज पिशवी उघडतो. तू दिसेनाशी झालीस ना, छोटा पूल गेला ना, की उघडतो."

"बिल्ला वाचायला?"

"बिल्ला तर वाचतोच. पण आधी गोळी बघतो." त्याने मान खाली घातली. "म्हटलं, एखाद दिवशी टाकली असेल. तुझ्यासमोर उघडायची लाज वाटायची. आज उघडली, तर गोळी नाहीच, पण बिल्लाही नाही."

बाईंनी त्याच्या हातातलं कडं काढून घेतलं.

"तुझ्या वहिनीने आमंत्रणात तुझं नाव पहिलं घातलं होतं," तो म्हणाला. "मीच अडवलं. म्हटलं, मी सांगतो तिला. आणि रोज वाटायचं, आज गोळी असेल, की मग सांगू. उद्या असेल, की मग सांगू. एवढा मोठा ड्रायव्हर, पण पहिला शब्द तू काढावास म्हणून बसलो होतो."

"मला वाटलं, मेले तरी बोलावणार नाहीस."

"मरायचीच वेळ आली होती आज." तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक. मी सांगतो, पुढे दरड दिसली म्हणून परत आलो. काचेवाला माझ्या शब्दाबाहेर नाही. तुझं नाव येणार नाही."

"सांगून झालं माझं."

"कोणाला?"

"कंट्रोलला. तू यायच्या आधीच."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याच नजरेने, जिने बाबा वळण नीट म्हणून दाखवल्यावर बघायचे. "मग माझंही सांग," तो म्हणाला. "मीही इथे न वाचताच निघालो. नियम दोघांचा आहे."

कंट्रोलचा हुकूम आला तो बाईंनी आधीच ओळखला होता. दुसरा मास्तर येईल, बाईंनी चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. पण तो खालून येईपर्यंत गाड्या काय जंगलात ठेवायच्या? तोवर बाईंनीच बघायचं, आणि जे करतील ते फोनवर मोठ्याने सांगून करायचं. फोनची तार खिडकीतून बाहेर ओढली. उभी रोजची गाडी खालच्या टप्प्यात गेली; कॅमेरावाल्या पाहुण्याने खिडकीतून हात केला, त्याचा फोटो राहूनच गेला. मग वळणावरून काचेची गाडी आली, हळू, अंग चोरून. आतले पाहुणे काचेला चिकटून बसले होते. त्यातल्या कोणालाच काही कळलेलं नव्हतं, असं त्यांच्या हसऱ्या तोंडांवरून दिसत होतं.

बाईंनी तिच्या ड्रायव्हरकडून कडं घेतलं. दादाच्या इंजिनापाशी आल्या. या वेळी मान वर केली. पिशवी उघडली, बिल्ला काढला, फोन तोंडाशी धरला.

"वरचा टप्पा!"

दादाने बिल्ला घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"वरचा टप्पा!" तो ओरडला, एवढ्या मोठ्याने की काचेच्या गाडीतलं एक पोर दचकलं.

"ऐकू आलं," फोनमधला माणूस म्हणाला.

"थांब जरा," बाई दादाला म्हणाल्या, आणि आत पळाल्या. टेबलाच्या खालच्या कप्प्यात पेपरमिंटचा पत्र्याचा डबा होता. बाबा गेले त्या दिवसापासून उघडला नव्हता, पण टाकवलाही नव्हता. दमट हवेने सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच ढेकूळ झालं होतं. त्यांनी ते टेबलावर आपटलं, एक तुकडा निघाला, वेडावाकडा, डब्याचा गंज लागलेला. रुमालाने पुसला आणि बाहेर आल्या. सवयीने हात पिशवीकडे गेला.

दादाने इंजिनातून वाकून तळहात पुढे केला.

"पिशवीत नको," तो म्हणाला. "हातात दे."